आफ्रिकेच्या नकाशावरचा तो जाड बाण

(शालेय इतिहासाची मराठी पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या मंडळींना खुले पत्र)

सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या वर्गात आफ्रिका डोकावते ती माणसाचा उगम सांगताना, पिरॅमिडच्या चित्रात, युरोपीय सत्तांनी बर्लिनमध्ये बसून खंड वाटून घेतला त्या प्रसंगात आणि शेवटी मंडेलांच्या फोटोत. सहाराच्या दक्षिणेला मधल्या चार-पाच हजार वर्षांत काय घडले, याबद्दल मुलांना एक ओळही ठाऊक नसते.

ही जागा आता भरली जाऊ लागली आहे, आणि भरणाऱ्यांची घाई पाहूनच हे पत्र लिहायला घेतले. स्पर्धा परीक्षांच्या एका मार्गदर्शकात ‘बांटू स्थलांतर’ या मथळ्याखाली अर्ध्या पानाचा मजकूर पाहिला. कॅमेरूनमधून निघून थेट दक्षिण आफ्रिकेत घुसणारा एक जाड काळा बाण, आणि त्याखाली अशा अर्थाचे वाक्य की, बांटू वंशाच्या लोकांनी लोखंडी शस्त्रांच्या बळावर मूळ रहिवाशांना हुसकावून खंड व्यापला. एकाच वाक्यात इतक्या चुका बसवणे हेही कसब म्हणायचे! असला मजकूर उद्या शालेय पुस्तकात येऊ नये, म्हणून आधीच विनवणी.

बांटू हा वंश नाही. ते भाषांच्या एका गटाचे नाव आहे, आणि केपटाउनमध्ये काम करणारे जर्मन भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक यांच्या 1862 सालच्या व्याकरणामुळे ते रूढ झाले. नायजर-काँगो या मोठ्या भाषाकुलाची ही एक शाखा. तिच्यात पाचशेच्या आसपास भाषा येतात आणि बोलणारे तीस कोटींहून अधिक आहेत. स्वाहिली, झुलू, खोसा, शोना, लिंगाला, किन्यारवांडा ही त्यातली ओळखीची नावे. दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत भाषांपैकी नऊ याच शाखेतल्या.

हे आकडे मुलांकडून पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी पाठाची सुरुवात एका छोट्या कोष्टकाने करा. ‘माणूस – माणसे’ ही जोडी स्वाहिलीत ‘म्तू – वातू’, झुलूत ‘उमुन्तू – अबान्तू’, शोनात ‘मुन्हू – वान्हू’, लिंगालात ‘मोतो – बातो’ अशी येते. ‘तीन’ स्वाहिलीत ‘तातू’, शोनातही ‘तातू’, लिंगालात ‘मिसातो’. मोम्बासा आणि किन्शासा या शहरांमध्ये अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. नवव्या इयत्तेतले मूल हे कोष्टक पाहून स्वतःच म्हणेल की या भाषा नात्यातल्या दिसतात. शिवाय अनेकवचन शब्दाच्या शेवटाला न बदलता सुरुवातीला बदलते, हेही त्याच्या लक्षात येईल. नामांचे गट आणि प्रत्येक गटाचा आपला उपसर्ग, हा या भाषांचा कणा. तो इतका पक्का की अरबीतून ‘किताब’ आला तेव्हा स्वाहिलीने त्याच्या ‘कि’ला आपलाच उपसर्ग मानून टाकले. एक पुस्तक ‘किताबू’, अनेक पुस्तके ‘विताबू’. मूळ अरबी शब्दाला असे काही होईल याची कल्पनाही नसेल.

आता खरा प्रश्न. या भाषा मूळच्या कुठल्या, हे कसे कळले? लेखी पुरावा नाही. राजांच्या वंशावळी नाहीत, ताम्रपट नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकांना सनावळीची सवय असल्यामुळे हा विषय अवघड वाटत असावा. माझ्या मते तो शिकवायला घ्यावा तो याच कारणासाठी. कागद नसताना इतिहास कसा उभा राहतो, ते दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मागच्या शतकातला एक वाद मुलांना जरूर सांगा. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ माल्कम गथ्री यांनी शेकडो बांटू भाषांतले समान धातू गोळा केले. असे जुने शब्द सर्वांत जास्त टिकलेले त्यांना काँगोच्या दक्षिण भागात आणि उत्तर झाम्बियात सापडले, तेव्हा त्यांनी केंद्र तिथे मानले. अमेरिकन अभ्यासक जोसेफ ग्रीनबर्ग यांनी नेमका उलटा विचार केला. बांटूंच्या सख्ख्या-चुलत भाषा कुठे आहेत? सगळ्या नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेजवळ. बांटू भाषांमध्येही एकमेकींपासून सर्वांत दुरावलेल्या भाषा कुठल्या? त्याच वायव्य कोपऱ्यातल्या. भाषा एका जागी जितका काळ राहते तितक्या तिच्या बोली फुटून दूर जातात. पुढे सरकलेल्या शाखा तुलनेने नव्या, म्हणून एकमेकींसारख्या. ग्रीनबर्ग यांचे म्हणणे टिकले. आज सुरुवात कॅमेरूनच्या गवताळ पठारांच्या परिसरातून, सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी झाली असे मानले जाते. गथ्री यांनी केलेली भाषांची अक्षरवार विभागणी मात्र अभ्यासक अजूनही वापरतात. दोघांचाही पुरावा खरा होता. त्यातून काढलेला अर्थ एकाचा चुकला. दहावीच्या मुलांना हे समजते, आपण त्यांना कमी लेखू नये.

आणि हे सगळे सुरळीत जमले आहे असे वाटत असतानाच शुम लाकाचा निकाल आला. कॅमेरूनच्या त्याच पठारी भागातला हा शैलाश्रय. तिथे पुरलेल्या चार मुलांच्या अस्थींमधला डीएनए 2020 साली प्रसिद्ध झाला. दोन मुले सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची, दोन सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. बांटू भाषांच्या माहेरीच सापडलेली ही मुले आजच्या बांटू भाषिकांचे पूर्वज निघतील, अशी अपेक्षा असणे साहजिक होते. निघाली नाहीत. त्यांचे नाते मध्य आफ्रिकेतल्या वनवासी शिकारी समूहांकडे जास्त झुकते. म्हणजे त्या एकाच परिसरात वेगवेगळ्या मुळांचे लोक शेजारी-शेजारी राहत होते, आणि ‘मूळ स्थान’ म्हणून नकाशावर काढलेला ठिपका वाटतो तितका सोपा नाही. पाठात ही गोष्ट गाळू नका. पुरावा आपल्या विरोधात गेला तर काय करायचे, हे मुलांनी केव्हा शिकायचे?

आता त्या बाणाकडे येते. कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्वाझुलु-नातालपर्यंत सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि ते कापायला अडीच-तीन हजार वर्षे लागली. सरासरी काढा: वर्षाला जेमतेम दीड-दोन किलोमीटर. याला मोहीम म्हणत नाहीत. जमिनीचा कस गेला, मुलगे मोठे झाले, भावाभावांत बिनसले, की पलीकडच्या ओढ्यावर नवी वस्ती. निघालेल्यांना आपण कुठे चाललो आहोत याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

सुरुवातीला त्यांच्याकडे लोखंडही नव्हते. दगडी हत्यारे, मातीची भांडी, कोनफळाच्या जातीतले कंद आणि तेलताड, एवढ्या शिदोरीवर ते वर्षावनाच्या काठाने सरकले. तीनेक हजार वर्षांपूर्वीपासून हवामान कोरडे होत गेले, जंगल काही ठिकाणी विरळ झाले आणि मधून गवताळ वाटा उघडल्या. भाषांच्या वंशवृक्षावर केलेला 2015 सालचा एक अभ्यास सांगतो की घनदाट वनात शिरताना या लोकांचा वेग मंदावत होता आणि माळरान सोपे जात होते. लोखंड गाळण्याच्या भट्ट्या आपल्याला रवांडा, बुरुंडी, वायव्य टांझानिया या महासरोवरांच्या भागात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात दिसतात, ‘उरेवे’ नावाच्या नक्षीदार खापरांसोबत. म्हणजे प्रसार सुरू होऊन दीड-दोन हजार वर्षे लोटल्यावर. त्या लोखंडातून कुदळी आणि कुऱ्हाडीही घडल्या, जंगल तोडायला आणि जमीन खणायला. नुसत्या ‘शस्त्रांच्या बळावर’ म्हणणाऱ्याने शेतीचा विचारच केलेला नसतो.

याच पूर्वेकडच्या भागात त्यांची गाठ आधीपासून गुरे पाळणाऱ्या आणि तृणधान्य पिकवणाऱ्या, वेगळ्याच भाषाकुलांतल्या शेजाऱ्यांशी पडली. त्यांच्याकडून गुरे आली, तंत्र आले, आणि सोबत शब्दही आले; पूर्वेच्या अनेक बांटू भाषांत गुरांशी संबंधित कितीतरी शब्द उसने आहेत. पुढे दक्षिणेकडे सरकताना त्यांच्या शेतात होती ज्वारी, बाजरी आणि नाचणी. हो, आपलीच. ही तिन्ही धान्ये मुळात आफ्रिकेतली; ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिण काठावरची, नाचणी पूर्वेच्या डोंगराळ भागातली. आपल्याकडे ती बांटू भाषिकांनी आणलेली नाहीत, त्या प्रवासाची कथा निराळी आहे, तेव्हा पाठात या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नका. पण भाकरी खाणाऱ्या मुलांना आफ्रिकेचा हा शेतकरी परका वाटणार नाही, एवढे नक्की.

बाण आणखी एका ठिकाणी तुटतो. काँगोच्या खोऱ्यातल्या सातशेहून अधिक स्थळांची खापरे आणि हजाराहून अधिक कार्बन कालमापने 2021 साली एकत्र मांडली गेली. इ.स. 400 ते 600 या दोनशे वर्षांत तिथली वस्ती प्रचंड घटल्याचे त्यातून दिसते. कारण बहुधा रोगराईचे असावे असा एक तर्क आहे. पुढे काही शतकांनी माणसे पुन्हा आली. तेव्हा आज तिथे बोलल्या जाणाऱ्या काही भाषा पहिल्या लाटेतल्या नसून दुसऱ्या वसाहतीतल्या असू शकतात. जाड काळ्या बाणात ही दोनशे वर्षांची शांतता कुठे दाखवणार?

‘हुसकावले’ या क्रियापदाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त नुकसान तेच करते. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे घडले. मलावीत प्राचीन शिकारी समूहांचा वारसा आजच्या लोकांच्या डीएनएत जवळपास उरलेला नाही. तिथे एका लोकसंख्येची जागा खरोखरच दुसरीने घेतली. मध्य आफ्रिकेच्या वनांत तसे झाले नाही. तिथले अका, त्वा यांसारखे शिकारी समूह आजही आहेत, शेतकरी शेजाऱ्यांशी त्यांची शतकानुशतकांची देवघेव आहे, फक्त त्यांच्या मूळ भाषा गेल्या आणि ते शेजाऱ्यांच्या भाषा बोलू लागले. टांझानियात हाद्झा आणि संदावे यांनी आपापल्या भाषा राखल्या. आणि दक्षिणेत? तिथे तर नव्याने आलेल्यांच्याच जिभेवर जुन्या रहिवाशांचे आवाज चढले.

खोसा आणि झुलू भाषांतले क्लिक ध्वनी मुलांनी यूट्यूबवर ऐकलेले असतात आणि ते त्यांना गंमत वाटतात. हळहळताना आपण ‘च्च’ करतो किंवा बैल हाकताना गालातून आवाज काढतो, तसले आवाज तिथे चक्क व्यंजने म्हणून येतात. बांटू भाषांच्या मूळ घरात ते नाहीत. ते तिथल्या जुन्या रहिवाशांच्या, म्हणजे पशुपालक खोई आणि शिकारी सान लोकांच्या, भाषांतले. ते आले कसे, याचे एक उत्तर अनेक अभ्यासक देतात ते स्त्रियांच्या एका रिवाजात. त्याला ‘ह्लोनिफा’ म्हणतात. लग्न होऊन आलेली सून सासऱ्याचे नाव घेत नाही. इतकेच नाही, त्या नावातले अक्षर ज्या शब्दात येते तो शब्दही टाळते, त्याचा एखादा ध्वनी बदलते किंवा दुसराच शब्द योजते. बदलायला वेगळे आवाज हवे असत, आणि खोई-सान घरांतून आलेल्या बायकांकडे ते तयार होते. नवऱ्याचे नाव न घेण्याची, घ्यायचेच तर उखाण्यात गुंफून घेण्याची रीत आपल्याकडे होतीच, त्यामुळे आमच्या मुलींना हा मुद्दा एका वाक्यात कळतो. जनुकीय अभ्यासही याला जोड देतात. दक्षिणेकडच्या बांटू भाषिकांत खोई-सान वारसा आहे आणि तो वडिलांपेक्षा आईकडून जास्त आलेला दिसतो. त्या लग्नांत स्त्रियांची मर्जी किती होती, हे मात्र डीएनए सांगत नाही. गोडगुलाबी मिलनाची कहाणीही लिहू नका, एवढेच सांगणे.

सर्वांत मोठे चित्र 2024 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दिले. चौदा आफ्रिकी देशांतल्या 1,763 माणसांच्या नमुन्यांवर तो आधारलेला आहे. पश्चिमेकडून जसजसे दूर जावे तसतशी बांटू भाषिकांमधली जनुकीय विविधता घटत जाते. याचा अर्थ माणसे खरोखर सरकली, नुसत्या भाषा सरकल्या नाहीत. आणि वाटेत जागोजागी स्थानिक लोकांशी संकर झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ‘स्थलांतर झालेच नाही, केवळ संस्कृती पसरली’ अशी एक टोकाची फॅशनही मध्यंतरी होती, तिच्याही नादी लागू नका.

मी एका शब्दासाठी, एका बाणासाठी एवढी का अडून बसले आहे, असे आपणास वाटेल. मग दोन देश पाहा.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने पोसलेली एक समजूत होती की बांटू भाषिक उत्तरेकडून आले आणि गोरे दक्षिणेकडून आले, ते साधारण एकाच सुमारास. जमीन मोकळीच होती. गोऱ्यांची पहिली वसाहत उभारणारा डच यान फान रीबेक दक्षिण टोकाच्या केपला उतरला 1652 मध्ये. लिम्पोपो आणि क्वाझुलु-नातालच्या भागात शेती करणाऱ्या, लोखंड गाळणाऱ्या वस्त्यांची खापरे इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासूनची आहेत. तेराशे वर्षांचा फरक! केपच्या नैऋत्य टोकाला बांटू भाषिक शेतकरी नव्हते हे खरे, पण त्याचे कारण साधे आहे. ज्वारी-बाजरीला उन्हाळ्यातला पाऊस लागतो आणि केपला पाऊस पडतो हिवाळ्यात. त्यामुळे त्यांची शेती पूर्व किनाऱ्याने ग्रेट फिश नदीच्या आसपास येऊन थांबली. पलीकडची जमीनही मोकळी नव्हती, तिथे खोई पशुपालक आणि सान होते. शेजारच्या ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) तर ग्रेट झिम्बाब्वेचे दगडी कोट आफ्रिकनांनी बांधलेच नाहीत, असे पसरवले जाई. गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी 1929 मध्ये उत्खनन करून ते आफ्रिकनांचेच असल्याचे दाखवले होते, तरीही. आणि दक्षिण आफ्रिकेत 1953 साली ‘बांटू शिक्षण कायदा’ करून काळ्या मुलांना मुद्दाम निकृष्ट शिक्षण देण्यात आले. म्हणून दक्षिण आफ्रिकेत माणसाला ‘बांटू’ म्हणणे आजही अपमानकारक वाटते. आपल्या पुस्तकात ‘बांटू लोक’ नको, ‘बांटू भाषिक’ असू द्या.

रवांडाची गोष्ट याहून भयंकर. हुतू आणि तुत्सी, दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा, आणि ती बांटू. पण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी तुत्सी हे बाहेरून आलेले ‘श्रेष्ठ’ हॅमिटिक (असा एक कल्पित वंश) आणि हुतू हे बांटू वंशाचे, अशी विभागणी कल्पिली. बेल्जियन प्रशासनाने 1930च्या दशकात ती ओळखपत्रांवर छापली. गुरेवाले, शेतकरी, दरबारातले मान हे जुने भेद होतेच. त्यांना आता वंशाचा शिक्का बसला. 1994 मध्ये रस्त्यारस्त्यांवर अडवून तीच ओळखपत्रे तपासली गेली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य तुत्सी. त्या देशात हे भेद शाळांतही शिकवले जात असत, हे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

शेवटी आपल्या दाराशी. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या पुस्तकांत येतात, आणि मुले समजतात की भारतात आलेले सगळे आफ्रिकन एकाच जागचे. मलिक अंबर इथिओपियातला. तो मुलूख बांटू भाषांचा नव्हे. पण कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दींवर 2011 साली झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्या आफ्रिकी वारशाचे नाते बांटू भाषिक समूहांशी जुळले. पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून जहाजांत भरलेली ही माणसे. उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीतले सिद्दी आज कोकणी, मराठी, कानडी बोलतात. गुजरातच्या सिद्दींच्या नाच-वादनाला ‘गोमा’ म्हणतात, आणि स्वाहिलीपासून शोनापर्यंत बांटू भाषांत ढोल म्हणजे ‘न्गोमा’. पाठाच्या शेवटी स्वाध्यायात हा शब्द द्या आणि मुलांना तो आफ्रिकेच्या नकाशावर शोधायला लावा.

नकाशाबद्दल एकच मागणी. एका बाणाऐवजी तीन छोटे नकाशे छापा: साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि इ.स. 1000चा. कडा धूसर ठेवा, वर्षावन हिरवे दाखवा, आणि शिकारी व पशुपालक समूहांची नावे प्रत्येक नकाशावर राहू द्या. पान जास्त लागेल. जागा नसेल तर बर्लिन परिषदेतल्या मुत्सद्द्यांचे चित्र काढून टाका, ते दुसऱ्या पुस्तकांत सापडते.

या पाठाचा कच्चा मसुदा तपासायला आम्ही काही शिक्षक-शिक्षिका मानधनाशिवाय तयार आहोत. कळवावे.

आपली,
माध्यमिक शाळेतील एक इतिहास शिक्षिका